पडताळून पाहिलेली उणीव

"तुमची एक उणीव सांगा," असं विचारून भरती विभागातल्या भाविकने उत्तर लिहायला सुरुवातही केली.

सकाळपासून आठ उमेदवार होऊन गेले होते आणि आठही जणांची उणीव एकच निघाली होती. हातात घेतलेलं काम पूर्ण झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या तरुणांना कामाचा इतका ध्यास असेल, याची वाशिंदच्या त्या शाईच्या कारखान्याला आजवर कल्पना नव्हती. नववी उमेदवार होती रुपा मंगळू आगिवले, बी.एस्सी. रसायनशास्त्र, राहणार पेंढरवाडी, तालुका मुरबाड. जागा होत्या प्रयोगशाळा सहायकाच्या, आणि त्या चार होत्या.

"समोरच्याचं चुकलेलं दिसलं की मला गप्प बसता येत नाही," रुपा म्हणाली.

भाविक 'हातात घेतलेलं का' इथपर्यंत पोहोचला होता. त्याने ते खोडलं आणि एखादं उदाहरण विचारलं.

"मघाशी तुम्ही म्हणालात, कारखान्याला वीस वर्षं झाली. फाटकाच्या पाटीवर जे साल आहे ते धरलं तर सतरा होतात."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेच्या प्रमुख पेठे मॅडम बसल्या होत्या. आठ मुलाखतींमध्ये त्यांनी हातातल्या अहवालावरून नजर काढली नव्हती. ती आता काढली.

"आणि चूक वरिष्ठांची असेल तर?"

"चूक कोणाची आहे, यावर आकडा अवलंबून नसतो, मॅडम."

पेठे मॅडम भाविककडे वळून म्हणाल्या की ही मुलगी त्यांना हवी आहे. मग त्या पुन्हा अहवाल वाचू लागल्या.

आठ जणांचं एकमत होण्याचं कारण साधं होतं. मुरबाडला मुलाखतीच्या तयारीचं एक दिवसाचं शिबिर झालं होतं आणि सगळे त्याला गेले होते. रुपाही गेली होती. उणीव अशी सांगावी की ती ऐकणाऱ्याला गुण वाटेल, असं तिथल्या वक्त्यांनी सांगितलं, तेव्हा रुपाने हात वर करून विचारलं होतं की मग ते त्या प्रश्नाचं उत्तर कसं होईल. वक्त्यांनी तिला चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन, मुलाखतीत एवढं बोलू नकोस, असा सल्ला दिला होता. सल्ला चांगला होता हे रुपालाही पटलं होतं. पण तिला ही नोकरी खरं सांगूनच हवी होती. दोन वर्षं ती मुरबाडच्या स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलनंतर तिने ब्युरेटच्या काचेच्या नळीला हात लावला नव्हता, आणि आता तो लावायला मिळाला असता.

कारखान्यात एक नियम होता. पूर्वी एक सहायक खोट्या प्रमाणपत्रावर सात महिने काम करून गेला होता. तो गेल्यावर मुख्य कार्यालयाने आदेश काढला की उमेदवाराच्या फॉर्ममधलं प्रत्येक विधान त्याच्या गावातल्या दोन व्यक्तींकडून पडताळून घ्यावं. आदेश लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा पत्ता आणि गुणपत्रिका एवढंच होतं. पण त्याने 'प्रत्येक' असं लिहिलं होतं, आणि भाविकला लागून आठच महिने झाले होते. तोही अजून कायम व्हायचा होता. त्याने आदेश शब्दशः पाळायचं ठरवलं.

आठ जणांच्या उणिवा फोनवरच पडताळून झाल्या. घरच्यांनी त्या आनंदाने मान्य केल्या. एका आईने तेवढं "कोण, आमचा?" असं विचारलं, पण पुढच्याच क्षणी तीही सावरली. रुपाची उणीव मात्र वेगळी होती. फॉर्मच्या तळाशी छापलं होतं की उणीव गंभीर स्वरूपाची असल्यास प्रत्यक्ष भेट द्यावी. भाविकने मोटरसायकल काढली, मुरबाड गाठलं आणि तिथून आत तेवीस किलोमीटर गेला. रस्ता संपतो तिथे पेंढरवाडी सुरू होते, आणि वाडीचं पहिलं घर धोंडीबाईचं आहे.

हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, पण वाडीच्या दृष्टीने फार सोयीचं होतं. वाडीत कोणाची सोयरीक निघाली की समोरची माणसं आधी गुपचूप चौकशीला येतात, आणि त्यांना पहिली भेटते ती धोंडीबाई. चाळीस वर्षं ती हे काम कोणी न सांगता करत आली होती. तिची पद्धत सोपी होती. समोरचा ज्याबद्दल विचारेल ते त्या माणसात नसायचं. पितो का, विचारलं तर चहासुद्धा पीत नाही. आजारी असते का, विचारलं तर आजवर शिंकलेली नाही. मुलींच्या बाबतीत तर ती न विचारताच सांगे की पोर गरीब आहे, वर मान करून बघत नाही. जिची हाक तीन वाड्या पलीकडे जायची त्या भिमीचं लग्नही याच वाक्यावर जमलं होतं. भिमीचा नवरा अजून कधीमधी वाडीत येऊन धोंडीबाईकडे नुसता बघत बसतो.

आपण कंपनीतून आलो आहोत, लग्नासाठी नाही, हे भाविकने दोनदा स्पष्ट केलं. धोंडीबाईला ते दोन्ही वेळा समजलं. तिच्या मते त्याने काही फरक पडत नव्हता. पोर परक्याकडे जाणार होती आणि परका माणूस चौकशीला आला होता.

"रुपा आगिवले समोरच्याच्या चुका काढते, हे खरं आहे का?"

"कोण, मंगळूची रुपा?" धोंडीबाईने कपाळावर हात मारला. "साहेब, त्या पोरीच्या तोंडात जीभ हाय का नाय, ते आमाला आजून कळलं नाय."

दुसरा साक्षीदार म्हणून भाविकने गिरणीवाल्या धाकलूला गाठलं. गेल्याच वर्षी रुपाने मुरबाडहून खात्रीचं वजन आणून धाकलूचा काटा चुकतो हे चार बायकांसमोर दाखवलं होतं आणि पुढे काही दिवस त्याच्याकडे कोणी दळण नेलं नव्हतं. धाकलूने क्षणभर गिरणीच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला की रुपा म्हणजे अशी, की तिच्या डब्यात दुसऱ्याचं पीठ घातलं तरी ती मुकाट्याने घरी नेईल. भाविकने दोघांचे फोन नंबर लिहून घेतले, दोघांच्या सह्या घेतल्या आणि तो परत गेला.

तिसऱ्या दिवशी रुपाला फोन आला. दुकानात एक माणूस सातबाऱ्याच्या प्रती काढायला उभा होता, त्याला थांबवून ती बाहेर आली.

"मॅडम, तुमची उणीव व्हेरिफाय झाली नाही," भाविक म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ती तुमच्यात नाही."

"आहे."

"गावातले दोघं नाही म्हणतात. सह्या आहेत."

"त्यांचं चुकतंय."

"म्हणजे सगळं गाव चुकतंय आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

रुपाने विचार केला. "याबाबतीत, हो."

भाविकने फॉर्म चाळला. हे उत्तरच पुरावा म्हणून धरता आलं असतं, पण फॉर्ममध्ये फोनवरच्या पुराव्याला रकाना नव्हता. त्याने तिला शांतपणे समजावलं की प्रश्न उणिवेचा नाही, खोट्या माहितीचा आहे. नसलेली उणीव सांगणं हे नसलेलं प्रमाणपत्र जोडण्यासारखंच धरलं जाईल. पेठे मॅडमना ती हवी होती म्हणून तो एकदाच पुन्हा येईल, रविवारनंतरच्या बुधवारी. तोवर उणीव सिद्ध झाली नाही तर जागा दहाव्या उमेदवाराला जाईल. दहाव्या उमेदवाराची उणीव फोनवर पडताळून झालेली होती.

रुपा त्या संध्याकाळी थेट धोंडीबाईकडे गेली. धोंडीबाई सुपात नागली पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"मी तुझी अब्रू राखली गो, न् तू माझ्याच दारात भांडाया आलीस?"

"भांडत नाय, आजी. त्याला जे सांगितलं ते खरं नव्हतं, एवढंच बोलतेय."

"आता खरं सांगाया गेली तर चाळीस वर्सांत जेवढ्या पोरी दिल्या तेवढ्या परत येतील."

रुपाने मनात हिशेब करून पाहिला, आणि तो बरोबर निघाला.

शेवटी रुपाच्या वडिलांनी, मंगळूने, रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक बोलावली. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरणीला अवकाश होता, त्यामुळे माणसं मोकळी होती. मंगळू आजवर कुठल्याच बैठकीत उभा राहिलेला नव्हता. तो उभा राहिला आणि पोरीचं काम अडलंय, तिच्यात खोट आहे असं सगळ्यांनी मिळून सांगायचं आहे, एवढं बोलून खाली बसला.

वाडीतल्या पोरीबद्दल चारचौघांत असं बोलायची कोणाला सवय नव्हती. एका म्हातारीने तर मंगळूला विचारलं की तू बाप आहेस का कोण. धाकलू बराच वेळ चुळबुळत होता. अखेर, म्हणजे आता सांगायचंच आहे तर, असं म्हणत त्याने काट्याची गोष्ट काढली. ती सांगून झाल्यावर त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की शेजारच्यालाही राहवलं नाही.

मग कोणी थांबेना. अंगणवाडीचा वजनकाटा पाऊण किलो जास्त दाखवतो हे रुपाने सांगितल्यामुळे वाडीतली चार गुटगुटीत पोरं एका दुपारीत अशक्त ठरली होती. लग्नपत्रिकेत तिथी आणि वार जुळत नाहीत हे तिने एकाला सांगितलं, तेही पत्रिका वाटून झाल्यावर. पाण्याच्या टाकीवर दहा हजार लिटर असं रंगवलेलं होतं, ती तिने दोरीने मोजली आणि ग्रामसेवक नारळ फोडत असताना सात हजार नऊशे असं जाहीर केलं.

"सात हजार आठशे साठ," दाराशी बसलेली रुपा म्हणाली.

"बघा," तीन-चार जण एकदम म्हणाले.

धोंडीबाईने सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. म्हातारपणाच्या पेन्शनीचा अर्ज भरताना तिने आपलं वय सत्तर सांगितलं होतं. अर्ज भरून द्यायला रुपाच बसली होती. तिने धरण बांधायला घेतलं तेव्हा तू केवढी होतीस, थोरल्या मुलाच्या वेळी केवढी होतीस, असं विचारत विचारत ते एकसष्टवर आणून ठेवलं. पासष्टला मिळणारी पेन्शन चार वर्षं लांबली. ही गोष्ट धोंडीबाईने आजवर कोणाला सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि रुपाकडे पाहून हलकेच हसली.

रुपाची आई रत्ना म्हणाली की तिला काही सांगायचं नाही, फक्त भाकरी एका बाजूने जाड होते हे तिला रोज ऐकावं लागतं.

रुपा खाली बघत होती. यातलं प्रत्येक वाक्य लोकांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं होतं याचं तिला वाईट वाटलं. यातलं एकही वाक्य आजवर वाडीबाहेर गेलेलं नव्हतं, हे तिच्या थोडं उशिरा ध्यानात आलं.

बुधवारी भाविक आला तेव्हा रस्ता संपतो तिथे पंधरा-वीस माणसं उभी होती. रुपाला तिथल्याच धोंडीबाईच्या घरात बसायला सांगितलेलं होतं. चौकशी चालू असताना पोरीने बाहेर येऊ नये, एवढी रीत तरी पाळायचीच असं ठरलं होतं. धोंडीबाई पुढे झाली. चाळीस वर्षांची कला तिने आता उलट्या दिशेने चालवायला घेतली, आणि कला तीच असल्यामुळे ती तितक्याच सफाईने चालली.

"साहेब, त्या दिवशी मी घाबरली म्हणून खोटं बोलली. लय तोंडाळ पोर. वाडीत एक माणूस सोडला नाय तिने. शाळेत मास्तरला मारला."

दार उघडलं.

"मारलं नाय, आजी. त्यांचं फळ्यावरचं गणित चुकलं होतं, तेवढं सांगितलं."

"घरात जा गो," मंगळू म्हणाला.

रुपा आत गेली. धाकलू पुढे आला आणि म्हणाला की या पोरीपायी त्याची गिरणी महिनाभर बंद पडली. आतून आवाज आला की नऊ दिवस, आणि त्यातले दोन दिवस वीजच नव्हती. मंगळूने दाराला बाहेरून कडी घातली. पत्रिकेवाल्याने सांगितलं की रुपामुळे त्याच्या मुलाचं लग्न मोडलं. खिडकीतून उत्तर आलं की मोडलं नाही, लग्न झालंय, सून पलीकडे उभी आहे. सुनेने पदर सावरला. भाविक एकदा माणसांकडे, एकदा खिडकीकडे बघत लिहीत होता. दोन पानं भरल्यावर त्याने सांगितलं की आता पुरे. साक्षीदारांच्या रकान्यात त्याने 'उपस्थित सर्व' असं लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'विधान सत्य. प्रत्यक्ष ऐकले.' निघताना धोंडीबाईने त्याला चहा दिला आणि तुमचं लग्न झालंय का, असं विचारून घेतलं.

नेमणुकीचं पत्र जूनच्या मध्यावर आलं. पोस्टमनने ते मुरबाडला झेरॉक्सच्या दुकानात दिलं. रुपाने ते घरी आणून बापासमोर उघडलं. वर तिचं नाव होतं, खाली पेठे मॅडमची सही होती, आणि मध्ये दोन कलमं होती. पहिल्यात लिहिलं होतं की पडताळणीत निश्चित झालेली उणीव उमेदवाराने सहा महिन्यांत दूर करावी, ती कामावर पुन्हा आढळल्यास नेमणूक रद्द समजावी. दुसऱ्यात लिहिलं होतं की उमेदवाराने ३१ जून रोजी सकाळी साडेआठ वाजता रुजू व्हावं.

रुपाने दुसरं कलम वाचलं. मग पहिलं वाचलं. मग दुसरं पुन्हा वाचलं.

"काय गो?" मंगळूने विचारलं.

"काय नाय."

मंगळूला लिहिता येत नसलं तरी महिने येत होते. त्याने डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्या उंचवट्यांवर आणि खाचांवर जानेवारीपासून मोजत गेला. जून खाचेत आला.

"अगो, जूनला एकतीस नसते."

"माहीत हाय."

"मग फोन कर त्याला."

"फोन करून काय सांगू? तुमचं चुकलंय म्हणून? तेच तर करायचं नाय असं वर लिहिलंय."

मंगळूने मूठ तशीच धरली. मग त्याने विचारलं की सहा महिने कधीपासून मोजायचे, रुजू झाल्यापासून की पत्र आल्यापासून. रुपाने सांगितलं की ते पत्रात स्पष्ट नाही. तेही तिने विचारलं नाही.

महिन्याच्या तीस तारखेला ती पहाटेच्या जीपने मुरबाडला आली, तिथून शहापूरच्या एसटीत बसली, शहापूरहून वाशिंदला दुसरी जीप केली आणि आठ वाजून वीस मिनिटांनी फाटकावर पोहोचली. रखवालदाराने पत्र उलटसुलट पाहिलं.

"आज तीस. तुमची एकतीस हाय. उद्या या."

रुपाने तोंड उघडलं. तिला फार लांबचं वाक्य बोलायचं नव्हतं, पाच-सहा शब्दांत काम झालं असतं. तिने तोंड मिटलं, छत्री उघडली आणि ती परत निघाली. घरी पोहोचायला दुपार झाली. आईने भाकरी वाढली. ती एका बाजूने जाड होती. रुपाने ती मुकाट्याने खाल्ली, तेव्हा रत्नाने घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. रखवालदाराने आज एक तारीख आहे, तुम्हाला उशीर झाला, असं सांगून आत सोडलं. निवडलेले बाकीचे तिघं आधीच आले होते. त्यांनाही तेच पत्र गेलं होतं आणि तेही आजच उगवले होते. भाविकने प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. एक दिवस उशिराचं कारण लेखी हवं होतं. एकाने लिहिलं, एसटी बंद पडली. दुसऱ्याने लिहिलं, घरी पाहुणे आले. तिसऱ्याने लिहिलं, पोट बिघडलं. तिघंही पाच मिनिटांत आत गेले. हातात घेतलेलं काम त्यांनी झटकन संपवलं होतं.

रुपा कागदाकडे बघत बसली. कोणाची चूक दाखवायची नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण इथे तिला कारण विचारलेलं होतं, आणि कारण विचारल्यावर दुसरंच काहीतरी लिहायचं, हे कोणत्याच कलमात नव्हतं. तिने लिहिलं, '३१ जून उपलब्ध नसल्यामुळे त्यानंतरच्या पहिल्या दिवशी हजर झाले.'

भाविकने ते वाचलं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं, मग मोबाइलमध्ये पाहिलं, मग स्वतःच्या बोटांवर मोजलं. तिन्ही ठिकाणी तीस आले. पण हे एक विधान होतं आणि ते फॉर्मला जोडायचं होतं. कॅलेंडर म्हणजे व्यक्ती नव्हे. त्याने नाइलाजाने धोंडीबाईला फोन लावला आणि जूनमध्ये किती दिवस असतात ते विचारलं.

"रुपाच्या कामाचं हाय का?" धोंडीबाईने विचारलं.

"हो."

"मग तिला किती पायजेत?"

भाविकने फोन ठेवला. त्याच वेळी पेठे मॅडम आतून आल्या. त्यांनी पांढरा ॲप्रन घातला होता आणि त्यांच्या हातात शाईच्या नमुन्याची बाटली होती. काल दिवसभर नमुने पडून होते, चार जणांतलं एकही माणूस आलं नाही, असं त्या म्हणाल्या. भाविकने तो कागद पुढे केला. पेठे मॅडमनी तो वाचला, नेमणुकीचं पत्र मागवून घेतलं, तेही वाचलं, आणि रुपाकडे वळल्या.

"हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

"पत्र आलं त्याच दिवशी, मॅडम."

"मग बोलली का नाहीस? अगं, याच्यासाठीच तर तुला घेतलं. चुकलेलं बघून गप्प बसणारे माझ्याकडे तीन आत आहेतच." त्या भाविककडे वळल्या. "तारीख अशी कशी टाइप केलीस? मी तुला तीस लिहून दिली होती."

भाविकने फाइल उघडली. नेमणुकीच्या पत्राला मागून एक चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर पेठे मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात, हिरव्या शाईने, ३१ लिहिलेलं होतं. एकतीसच्या खाली त्यांनी दोन रेघाही मारल्या होत्या. भाविक चिठ्ठीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून नोकरीतला त्याचा दहावा महिना गेला आणि वर्ष भरल्यावर येणारं, कायम झाल्याचं पत्र गेलं.

"टाइप करताना माझंच चुकलं असेल, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने फाइल मिटायला घेतली.

फाइल मिटायला लागणाऱ्या तेवढ्या वेळात रुपाला चिठ्ठी स्पष्ट दिसली. आपल्याला ती दिसली आहे हे पेठे मॅडमना दिसलं, हेही तिला दिसलं. पलीकडच्या उघड्या दारातून टेबलावर ओळीने उभ्या केलेल्या ब्युरेट दिसत होत्या. त्यांतल्या एकीची तोटी नीट बंद केलेली नव्हती आणि खालच्या पात्रात थेंब पडत होते.

रुपाने तोंड उघडलं. भाविकने नकळत पेन उचललं. पेठे मॅडमनी बाटली दुसऱ्या हातात घेतली.

"ॲप्रन कुठं मिळेल, मॅडम?" रुपाने विचारलं.

पेठे मॅडम म्हणाल्या की आत, दाराच्या मागे खुंटीला आहेत, आणि पुढे होऊन त्यांनी स्वतःच दार धरलं. रुपा आत गेली. भाविकने तिच्या फॉर्मचं शेवटचं पान काढलं. तिथे सहा महिन्यांनी भरायचा एक रकाना होता, 'उणिवेत झालेली सुधारणा'. त्याने थोडा विचार केला आणि तो पहिल्याच दिवशी भरून टाकला. समाधानकारक.